लाकूड कोण कुजवतं?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातल्या मुलांच्या कितीतरी तुकड्यांना वनस्पतिशास्त्राची गोडी लावली. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून झाडांविषयी बोलायला मिळणं हा मी माझा बहुमान समजतो. झाड कसं वाढतं याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. आज मी झाड मेल्यानंतर काय होतं, याविषयी बोलणार आहे.

दरवर्षी पृथ्वीवर जेवढं लाकूड, गवत, काड आणि पालापाचोळा तयार होतो, जवळजवळ तेवढाच कुजूनही जातो. त्यातला कार्बन हवेत परततो, खनिजं मातीत परततात, आणि पुढच्या पिढीच्या मुळांना ती मिळतात. या सगळ्या व्यवहारात एक पदार्थ सर्वांत चिवट आहे. त्याचं नाव लिग्निन. जिवंत आणि मृत वनस्पतींत मिळून जो सेंद्रिय कार्बन साठलेला आहे, त्यातला सुमारे 30 टक्के वाटा या एका पदार्थाचा मानला जातो. तो मोडला नाही तर बाकीचं कुजणंही अडून राहतं.

मला आज जे सांगायचं आहे ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. रानात आणि शेतात लिग्निन मोडणं हे एका जिवाचं किंवा एका रसायनाचं काम नसतं. बुरशी, जिवाणू, कीटक, हवा, ओल आणि वेळ एवढ्यांची त्याला गरज लागते. म्हणून काडीकचऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न जेव्हा आपल्यासमोर येतो, तेव्हा एखादी जादूची पुडी शोधण्यापेक्षा या सगळ्यांना एकत्र काम करता येईल अशी परिस्थिती देणं हाच खरा उपाय आहे.

आता लिग्निन म्हणजे काय ते पाहू. झाडाच्या पेशीभोवती भिंत असते. तिच्यात सेल्युलोजचे लांब, सरळ धागे असतात, त्यांना जोडणारं हेमिसेल्युलोज असतं आणि या सगळ्यात भरलेलं लिग्निन असतं. कोकणात कारवीच्या काटक्या बांधून त्यावर शेणमातीचा गिलावा देतात आणि कूड उभा करतात. सेल्युलोज या काटक्यांच्या जागी आहे आणि लिग्निन गिलाव्याच्या. हा गिलावा मात्र नुसता वरून लिंपलेला नसतो. तो धाग्यांच्या फटीफटीत शिरतो, तिथेच घट्ट होतो आणि पाण्याला दाद देत नाही. लाकडाच्या वजनात त्याचा वाटा साधारण 20 ते 30 टक्के असतो. जमिनीवर आलेल्या वनस्पतींनी सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी हा पदार्थ वापरायला सुरुवात केली. त्याच्या जोरावरच त्यांना ताठ उभं राहता आलं आणि मुळांतलं पाणी न गळता शेंड्यापर्यंत नेता आलं. आपल्या सह्याद्रीतला प्रत्येक उंच वृक्ष लिग्निनच्या आधारावर उभा आहे.

लिग्निनची खरी गंमत त्याच्या बांधणीत आहे. सेल्युलोज, स्टार्च, प्रथिनं या सगळ्यांत एकाच प्रकारचे दुवे ठरलेल्या पद्धतीनं जोडलेले असतात. लिग्निनचं तसं नाही. झाड तीन प्रकारची अल्कोहोलं बनवतं: कोनिफेरिल, सिनापिल आणि पी-कुमारिल. ती पेशीभित्तिकेत सोडली जातात. तिथे त्यांच्यातला एकेक इलेक्ट्रॉन काढून घेतला जातो, त्यांचे मुक्तमूलक बनतात आणि हे मूलक जो जवळ सापडेल त्याला चिकटतात. कुठला कुठे जोडला जाईल हे आधी ठरलेलं नसतं. बीटा-ओ-4 नावाचा एक बंध त्यांत सर्वाधिक आढळतो, पण त्याशिवाय अनेक प्रकारचे बंध असतात आणि त्यांतले काही थेट कार्बन-कार्बन बंध असतात, तोडायला अतिशय कठीण. त्यामुळे लिग्निनचे दोन तुकडे घेतले तर ते एकमेकांसारखे निघत नाहीत.

आपल्या पोटातली, गाईच्या पोटातली किंवा मातीतल्या जिवाणूंची पचनाची बहुतेक विकरं विशिष्ट आकाराचा बंध ओळखतात आणि पाण्याचा रेणू वापरून तो तोडतात. भाकरीतला स्टार्च असाच पचतो. लिग्निनमध्ये ओळखायला ठरावीक आकार नाही, आणि त्याचे बंध पाण्यानं तुटण्यातले नाहीत. गाईच्या कोठीपोटात सेल्युलोज पचवणारे असंख्य जिवाणू आणि बुरशी आहेत, पण तिथे ऑक्सिजन जवळजवळ नाही, आणि ऑक्सिजनशिवाय लिग्निन फारसं हलत नाही. म्हणून कडब्यातलं पुष्कळ सेल्युलोज लिग्निनच्या आड दडून तसंच शेणातून बाहेर पडतं. ज्वारी आणि मक्यात पानाची मधली शीर तपकिरी असणारे काही उत्परिवर्तित वाण आहेत. त्यांच्यात लिग्निन कमी असतं आणि त्यांची वैरण जनावरांना जास्त पचते. कडबा पचण्यात लिग्निनची अडचण किती मोठी आहे, हे या वाणांवरून स्वच्छ दिसतं.

माणसानं लिग्निन काढायचा जो मार्ग शोधला तो कागदाच्या कारखान्यात पाहायला मिळतो. लाकडाचे किंवा बांबूचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात, दाबाखाली, 170 अंश सेल्सिअसच्या आसपास शिजवावे लागतात. तेव्हा कुठे लिग्निन विरघळून काळ्या द्रावात उतरतं आणि सेल्युलोजचा लगदा हाती येतो. आता हेच काम एखादी बुरशी पावसाळी जंगलात, साध्या तापमानाला, आवाज न करता करते. ती हे कसं करते?

पावसाळ्याच्या शेवटी सह्याद्रीतल्या कुठल्याही रानात पडलेला जुना ओंडका उचलून पाहा. एखादा ओंडका हातात घेतला की तो अपेक्षेपेक्षा हलका लागतो. त्याची साल सोलली की आतलं लाकूड पांढुरकं, ओलसर आणि तंतुमय दिसतं. नखानं ओढलं तर दोऱ्यासारखे पदर सुटतात. ही पांढरी कूज. तिथून लिग्निन गेलेलं आहे आणि उरले आहेत ते मुख्यतः सेल्युलोजचे धागे. शेजारीच दुसरा ओंडका असेल तर तो गडद तपकिरी दिसेल, आडव्याउभ्या भेगांनी चौकोनी ठोकळ्यांत फुटलेला. तो बोटांत चुरला की पूड होते. ही तपकिरी कूज. तिथे सेल्युलोज खाल्लं गेलेलं आहे आणि लिग्निन बरंचसं मागे राहिलेलं आहे. लाकूड कुजवण्यामागे विशिष्ट बुरशी असतात, हे जर्मनीतल्या रॉबर्ट हार्टिग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिलं. त्यापूर्वी बुरशी ही कुजण्याचा परिणाम आहे असं अनेकांना वाटत असे.

पांढऱ्या कुजीचं रसायन उलगडायला मात्र पुढे शंभर वर्षं लागली. त्यात सर्वांत मोठी मदत केली ती फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम नावाच्या बुरशीनं. लाकडाच्या चिपांच्या तापलेल्या ढिगांत ती वाढते आणि 40 अंशांच्या आसपास तिची वाढ जोमात होते. 1983 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन इथल्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीत मिंग टिएन आणि केंट कर्क यांनी या बुरशीपासून लिग्निन पेरॉक्सिडेज हे विकर मिळवलं. त्याच वर्षी ओरेगनमधल्या मायकेल गोल्ड यांच्या गटानंही स्वतंत्रपणे तसाच शोध जाहीर केला. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाला मँगेनीज पेरॉक्सिडेज सापडलं. 2004 साली या बुरशीचा सुमारे 3 कोटी अक्षरांचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. पांढरी कूज करणाऱ्या बुरशींपैकी तो पहिलाच होता.

या विकरांची रीत लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. बुरशी स्वतःच आणखी काही विकरांच्या मदतीनं थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. हे पेरॉक्साइड पेरॉक्सिडेजच्या मध्यभागी असलेल्या लोहाच्या अणूला इलेक्ट्रॉनसाठी अत्यंत भुकेलं बनवतं. मग ते विकर आसपासच्या लिग्निनमधल्या कार्बनच्या वलयांतून एकेक इलेक्ट्रॉन ओढून घेतं. इलेक्ट्रॉन गेला की ते वलय अस्थिर होतं आणि रेणू आपोआप कुठेतरी तुटतो. कुठला बंध तोडायचा हे विकर ठरवत नाही. ते फक्त रेणूला अस्थिर करतं, बाकीचं रसायनशास्त्राच्या नियमांनी घडतं. ज्या रेणूच्या बांधणीला ठरावीक साचा नाही, त्याला मोडण्याची रीतही तशीच मोकळी असावी लागते. लिग्निन बनतं मुक्तमूलकांतून आणि मोडतंही मुक्तमूलकांतूनच.

त्यात आणखी एक अडचण असते. घट्ट लाकडाच्या भिंतीतली छिद्रं इतकी बारीक असतात की विकराचा मोठा रेणू आत शिरूच शकत नाही. म्हणून बुरशी छोटे निरोपे पाठवते. मँगेनीज पेरॉक्सिडेज मँगेनीजच्या आयनातून इलेक्ट्रॉन काढतं. तो आयन ऑक्झॅलिक आम्लासारख्या लहान आम्लाच्या सोबतीनं भिंतीत खोलवर जातो आणि तिथे लिग्निनला अस्थिर करतो. लिग्निन पेरॉक्सिडेजच्या जोडीला बुरशी व्हेराट्रिल अल्कोहोल नावाचा लहान रेणू स्वतःच बनवते. केंट कर्क आणि रॉबर्टा फॅरेल यांनी 1987 साली या सगळ्या प्रक्रियेला ‘विकरांनी घडवलेलं ज्वलन’ असं नाव दिलं. मला ते फार अचूक वाटतं. चुलीत लाकूड जळतं तेव्हाही ऑक्सिजन त्यातले इलेक्ट्रॉन घेतो. बुरशी तेच करते, पण सावकाश, थंडपणे आणि पेशीच्या भिंतीभिंतीतून.

आता हिशेबाचा मुद्दा. एवढा खर्च करून बुरशीला लिग्निनमधून मिळतं तरी काय? फार थोडं. फक्त लिग्निन खायला दिलं तर या बुरशी तगत नाहीत. काही पांढऱ्या कुजीच्या बुरशी लिग्निनमधल्या तुकड्यांचा थोडा कार्बन आपल्या शरीरात घेतात, हे 2021 साली दाखवलं गेलं आहे, पण त्यांची खरी भाकरी सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज हीच आहे. लिग्निन मोडायचं ते त्यामागचं सेल्युलोज मोकळं व्हावं म्हणून. दुसरी गोष्ट अशी की फॅनेरोकीटमध्ये ही यंत्रणा लिग्निन समोर आलं म्हणून सुरू होत नाही. भोवतालचा नत्र संपत आला की सुरू होते. लाकडात नत्र अत्यल्प असतो, त्यामुळे रानात ही अट आपोआप पुरी होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेताविषयी बोलताना मी त्याकडे परत येणार आहे.

पांढऱ्या कुजीतल्या काही बुरशी सेल्युलोजला फारसा हात न लावता आधी लिग्निन काढतात. दक्षिण चिलीतल्या पावसाळी जंगलात गॅनोडर्माच्या जातीची बुरशी पडलेल्या झाडांची अशी कूज करते की लाकूड पांढरंशुभ्र आणि मऊ होतं. तिथले लोक त्याला ‘पालो पोद्रिदो’ म्हणतात आणि ते गुरांना चारा म्हणून घालतात. ज्या लाकडाला गाईनं तोंडही लावलं नसतं, ते बुरशीच्या कामानंतर वैरण होतं.

आपल्याकडची धिंगरी अळिंबी याच पांढऱ्या कुजीच्या बुरशींपैकी. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी 1962 साली भाताच्या पेंढ्यावर धिंगरीच्या लागवडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज महाराष्ट्रात गव्हाचं काड, सोयाबीनचं कुटार, भाताचा पेंढा यांवर ती सर्रास घेतली जाते. धिंगरी लावणारा शेतकरी काड रात्रभर भिजवतो, गरम पाण्यात घालून त्यातले इतर जंतू कमी करतो, निथळून पिशवीत थर देत स्पॉन पेरतो. काही आठवड्यांत पिशवी आतून पांढऱ्या तंतूंनी भरून जाते. पीक घेऊन झाल्यावर ती पिशवी उघडली तर काड पूर्वीसारखं कडक राहिलेलं नसतं. चिमटीत धरलं तरी दबतं. प्रथिनांनी भरलेली भाजी आणि पचायला सोपं झालेलं काड, दोन्ही एकाच पिशवीतून.

तपकिरी कुजीच्या बुरशींनी वेगळा रस्ता घेतला. त्यांच्या पूर्वजांकडे लिग्निन मोडणारी पेरॉक्सिडेजं होती. उत्क्रांतीत अनेकदा, स्वतंत्रपणे, ती हरवली. त्यांच्याजागी या बुरशी लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आणून हायड्रॉक्सिल मूलक तयार करतात. रसायनशास्त्रात ही फेंटन अभिक्रिया. हा मूलक समोर येईल त्यावर तुटून पडतो. लिग्निन थोडं बदलतं, सैल होतं, पण बरंचसं जागेवर राहतं. सेल्युलोज मात्र वेगानं तुटतं आणि खाल्लं जातं. घराच्या तुळया पोखरणारी सर्पुला ही बुरशी याच प्रकारची. पेरॉक्सिडेजं बनवण्याचा खर्च वाचवून सेल्युलोजपर्यंत पोचण्याचा हा मार्ग आहे, आणि तपकिरी पूड होऊन मागे राहिलेलं लिग्निन पुढे दीर्घकाळ मातीत पडून राहतं.

आता जिवाणूंकडे येऊ. बराच काळ असं मानलं जाई की लिग्निन हे फक्त बुरशीचं क्षेत्र आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत डॉन क्रॉफर्ड यांनी स्ट्रेप्टोमायसेस या तंतुमय जिवाणूंवर काम केलं आणि ते लिग्निन सैल करून त्याचे पाण्यात विरघळणारे मोठे तुकडे बाहेर काढतात हे दाखवलं. स्ट्रेप्टोमायसेस आपल्या ओळखीचे आहेत. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो, तो मुख्यतः त्यांच्यामुळे. 2011 साली इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठातल्या टिमथी बग यांच्या गटानं रोडोकोकस जोस्टी या मातीतल्या जिवाणूत लिग्निनवर काम करणारं एक पेरॉक्सिडेज शोधलं. हे विकर बुरशीच्या पेरॉक्सिडेजइतकं जबरदस्त नाही, पण जिवाणूंकडेही या कामाची हत्यारं आहेत हे त्यानं पक्कं झालं.

जिवाणूंची खरी ताकद पुढच्या टप्प्यात आहे. बुरशीनं लिग्निन फोडलं की त्याचे शेकडो प्रकारचे लहान तुकडे होतात. त्यांतले काही इतर जिवांना विषारी असतात. हे तुकडे जिवाणू उचलतात. जपानमध्ये कागद कारखान्याच्या सांडपाण्यात सापडलेला स्फिंगोबियम एसवायके-6 हा जिवाणू दोन वलयांना जोडणारा बीटा-ओ-4 बंध स्वतंत्र विकरांच्या साखळीनं सोडवतो. स्यूडोमोनास पुटिडा हा जिवाणू वेगवेगळे तुकडे घेऊन त्यांना दोन-तीन ठरावीक रेणूंवर आणतो, वलय फोडतो आणि आपल्या नेहमीच्या चयापचयात मिसळून टाकतो. अनेक वाटांनी आलेला माल एकाच दारातून आत घ्यावा तशी ही व्यवस्था आहे. याच गुणाचा उपयोग करून लिग्निनपासून जैवप्लास्टिक आणि नायलॉनचा कच्चा माल बनवण्याचे प्रयत्न अमेरिकेतल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत गेली कित्येक वर्षं चालू आहेत.

प्रयोगशाळेतल्या चंबूत फॅनेरोकीटसारखी बुरशी एकटीच लिग्निन थेट कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेऊ शकते. रानात तसं घडायला कुणी तिला एकटं सोडत नाही. ओंडक्यावर आधी एक बुरशी येते, मग दुसरी. मागोमाग जिवाणू, भुंग्यांच्या अळ्या, वाळवी. कंपोस्टच्या ढिगात तापमान साठ अंशांवर जातं तेव्हा बहुतेक बुरशी थांबतात आणि उष्णता सोसणारे तंतुमय जिवाणू सूत्रं हातात घेतात. ढीग थंडावला की बुरशी परत येतात. प्रत्येकाची पाळी वेगळी, पण काम एकच.

या सहकार्याचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या बांधावर उभं आहे. ओडोंटोटर्मिस जातीच्या वाळव्या वारुळात बुरशीची शेती करतात. तरुण कामकरी वाळव्या काडीकचरा खातात आणि त्यातून, बुरशीचे बीजाणू मिसळून, स्पंजासारखा, मधाच्या पोळ्यासारखा गड्डा रचतात. त्यावर टर्मिटोमायसेस ही बुरशी वाढते, लिग्निन कमी करत जाते, आणि जुना झालेला गड्डा वयस्क वाळव्या खातात. वाळवीच्या आतड्यातले जिवाणू उरलेलं काम करतात. लिग्निन हलवण्यात आतड्याचा वाटा किती आणि बुरशीचा किती, यावर अजून चर्चा चालू आहे, पण तिघांशिवाय ही शेती चालत नाही यावर एकमत आहे. ही भागीदारी सुमारे 3 कोटी वर्षं जुनी आहे. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी जी अळंबी आपण आवडीनं खातो, ती या शेतीतून डोकं वर काढलेली टर्मिटोमायसेस.

श्रोतेहो, आता एका प्रसिद्ध गोष्टीकडे वळतो, कारण तिचा संबंध आपल्या चंद्रपूरशी आहे. तुम्ही वाचलं असेल की कार्बनीफेरस कालखंडात, म्हणजे सुमारे 36 ते 30 कोटी वर्षांपूर्वी, झाडं लिग्निन बनवायला शिकली होती पण बुरशींना ते मोडता येत नव्हतं. म्हणून लाकूड साचत गेलं आणि त्याचा कोळसा झाला. 2012 साली 31 बुरशींच्या जनुकसंचांची तुलना करून पांढऱ्या कुजीची पेरॉक्सिडेजं त्या कालखंडाच्या शेवटाला, सुमारे 29 कोटी वर्षांपूर्वी आली असावीत, असा अंदाज आला. त्या गोष्टीला मोठं बळ मिळालं.

गोष्ट देखणी आहे, पण पुरावे तिच्या विरोधात आहेत. 2016 साली मॅथ्यू नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या दलदलींतल्या प्रमुख झाडांच्या जाड सालीत लिग्निन कमीच होतं. आणि लिग्निन खरोखर अजिबात मोडत नसतं, तर दहा लाख वर्षांच्या आतच हवेतला कार्बन डायऑक्साइड संपून गेला असता. त्यांच्या मते कोळसा साचला तो सततच्या पावसामुळे आणि खचत जाणाऱ्या खोऱ्यांमुळे. पाण्याखाली गेलेल्या लाकडापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही, आणि ऑक्सिजनशिवाय पांढरी कूज होत नाही.

आपल्या वर्धा खोऱ्यातला, बल्लारपूर-चंद्रपूरचा कोळसा याचा साक्षीदार आहे. तो कार्बनीफेरसचा नाही. तो त्यानंतरच्या पर्मियन कालखंडातला, ग्लॉसोप्टेरिस झाडांच्या जंगलांचा आहे. तेव्हा भारत आणि अंटार्क्टिका गोंडवन खंडात जोडलेले होते. अंटार्क्टिकात सापडलेल्या पर्मियन काळातल्या अश्मीभूत लाकडांत पांढऱ्या कुजीचे लहान लहान कप्पे स्पष्ट दिसतात. 1986 साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. म्हणजे गोंडवनात लिग्निन मोडणाऱ्या बुरशी होत्या आणि त्याच काळात कोळसाही साचत होता. एकाच खंडावर एक ओंडका कुजत होता आणि दुसरा कोळसा होत होता. फरक होता हवेचा आणि पाण्याचा. एखादा जीव हजर आहे एवढ्यावर लिग्निन मोडत नाही. त्याला काम करता येईल अशी परिस्थिती असावी लागते.

हा धडा घेऊन उसाच्या फडात जाऊ. ऊस तुटून गेला की हेक्टरी 8 ते 10 टन पाचट मागे राहतं. खोडव्याला पाणी द्यायचं, मशागत करायची, मजूर मिळत नाहीत, आणि काडी ओढली की तासाभरात शेत मोकळं होतं. शेतकरी पाचट का जाळतो हे मला समजतं. पण त्या तासाभरात पाचटातला बहुतेक नत्र हवेत जातो, आणि मातीतल्या जिवांचं महिन्यामहिन्यांचं अन्न धूर होऊन उडतं. मराठवाडा आणि विदर्भात पऱ्हाट्या आणि तुराट्यांचंही हेच होतं.

पाचट कुजवण्यासाठी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे: पाचटाची कुट्टी करून ते सरीत पसरायचं, हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं संवर्धन टाकायचं, आणि पाचट मातीच्या संपर्कात आणून ओल टिकवायची. या शिफारशीतली प्रत्येक गोष्ट आतापर्यंतच्या विवेचनात आलेली आहे. कुट्टीमुळे जिवांना शिरायला जागा मिळते. पाचटात कार्बनच्या मानानं नत्र फार कमी असतो. युरिया दिला की सेल्युलोज खाणारे जिवाणू आणि बुरशी वेगानं वाढतात आणि पिकाचा नत्र ओढून घेत नाहीत. माती लागली की ओल राहते आणि मातीतले असंख्य जीव वर येतात.

नत्राविषयी मघाशी म्हटलं होतं ते इथे उपयोगी पडतं. जंगलांत केलेल्या दीर्घकाळच्या प्रयोगांत दिसलं आहे की नत्र घातल्यावर कमी लिग्निनचा पाला लवकर कुजतो, पण जास्त लिग्निन असलेल्या पाल्याचं कुजणं मंदावतं, कारण लिग्निन मोडणाऱ्या विकरांचं काम घटतं. म्हणून सुरुवातीला मोजका नत्र हवा. जास्त युरिया ओतला तर पाचट अधिक लवकर कुजेल, हा समज चुकीचा आहे. संवर्धनाचंही तसंच. ते उपयोगी आहे, पण कोरड्या, उन्हात तापलेल्या, मातीला न टेकलेल्या पाचटावर कुठलंही संवर्धन टाका, तिथे काम करायला त्यातले जीव जिवंत राहणार नाहीत.

दुसरा गैरसमज सेंद्रिय कर्बाविषयीचा. सेलमन वॅक्समन यांच्या काळापासून असं शिकवलं जाई की न मोडलेलं लिग्निन मातीत साचतं आणि तेच ह्यूमस. गेल्या काही दशकांतल्या संशोधनानं हे चित्र बदललं. 2015 साली योहानेस लेमन आणि मार्कुस क्लेबर यांनी मांडलं की मातीतलं सेंद्रिय द्रव्य हे कुजण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे तुकडे आणि मेलेल्या सूक्ष्मजीवांचे अवशेष यांचं मिश्रण असतं, आणि ते टिकतं ते मुख्यतः चिकणमातीच्या कणांना चिकटल्यामुळे. याचा शेतकऱ्यासाठी अर्थ असा की कर्ब वाढवायचा तर काडीकचरा खाणाऱ्या जिवांना सतत खायला घातलं पाहिजे. त्यांची शरीरंच पुढे मातीचा कर्ब होतात.

उद्योगांतही हाच प्रश्न आहे. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा कारखाना 10 ऑगस्ट 2022 रोजी राष्ट्राला अर्पण झाला. त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं आहे. वर्षाला सुमारे 2 लाख टन पेंढा आणि 3 कोटी लिटर इथेनॉल अशी त्याची क्षमता आहे. अशा कारखान्यांत आम्ल, उष्णता आणि दाबानं लिग्निनचं कवच फोडावं लागतं, आणि उरलेलं लिग्निन बहुधा बॉयलरमध्ये जाळलं जातं. ते जाळण्याऐवजी त्यातून काही मोलाचं बनवायचं, तर स्यूडोमोनास आणि रोडोकोकस यांच्याकडून अजून खूप शिकायचं आहे.

या शिक्षणाची साधनं आपल्या जवळ आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. आपल्या देवराया आहेत, जिथे पडलेलं वाळकं लाकूडही उचलायचं नाही अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. त्या रीतीमुळे तिथे कूज करणाऱ्या बुरशींना अखंड निवारा मिळाला. आज काही देवरायांत ‘सफाई’च्या नावाखाली पडलेले ओंडके हलवले जातात, ते थांबवायला हवं. भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात रात्री जी लाकडं हिरवट चमकतात, ती लाकडं कुजवणाऱ्या बुरशींच्या तंतूंमुळेच चमकतात. ओंडके हलवले की ते तंतूही जातात. शाळा-महाविद्यालयांत प्राणी आणि फुलझाडांच्या जोडीला बुरशी ओळखायला शिकवणारे शिक्षक हवेत. आपल्याकडे ते फार थोडे उरले आहेत.

आणि शेवटची विनंती पाचटाविषयी. कुजायला वेळ लागतो, आणि त्या वेळाची किंमत आज एकटा शेतकरी मोजतो: कुट्टी यंत्राचं भाडं, वाढीव मजुरी, खोडव्याला पाणी देताना होणारा त्रास. पाचट न जाळल्याचा फायदा मात्र सगळ्यांना होतो. हवा स्वच्छ राहते, माती सुधारते, भूजल टिकतं. लिग्निन मोडायला निसर्गानं बुरशी, जिवाणू आणि वाळवी यांना एकत्र आणलं. पाचट कुजवायला साखर कारखाने, ग्रामपंचायती, कृषी विभाग आणि शेतकरी एकत्र आले पाहिजेत. कुट्टी यंत्रं गावात वेळेवर आणि परवडणाऱ्या भाड्यानं मिळाली, तोडणीच्या वेळीच पाचट सरीत पसरण्याची व्यवस्था झाली, तर जाळायचं कारणच उरणार नाही. हे काम अवघड नाही. येत्या गळीत हंगामाआधी आपल्या तालुक्यात त्याची सुरुवात व्हावी, यासाठी आपण सगळ्यांनी आपापल्या कारखान्याच्या सभेत आणि ग्रामसभेत हा विषय मांडावा, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे.